अभ्यंगाची वडी आणि तिचा साज

दिवाळीच्या खरेदीच्या यादीत साबणाचे नाव सहसा अखेरीस येते. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याचा मान पहिल्या पंक्तीतला असतो. नरकासुराचे दहन आटोपून गावातली मुले धुराने माखून घरी परतलेली असतात, न्हाणीघरात चुलाण पेटलेले असते, तुळशीपाशी कारीट फुटते, आणि तेल-उटण्याने मर्दन झालेल्या देहावर नवी कोरी सुवासिक वडी फिरते. त्या वासाशी आपल्या पिढ्यांची दिवाळी बांधली गेली आहे. फराळाची चव एक वेळ विसरेल, परंतु अभ्यंगाच्या पहाटेचा गंध विसरत नाही.

या वडीला अलीकडे सणाचा वेगळा साज चढू लागला आहे. पणतीच्या, कमळाच्या, शंखाच्या आकाराचे हातचे साबण, त्यांवर गुलाबाच्या पाकळ्या, केशराच्या काड्या, सोनेरी भुकटी, वर रेशमी धागा आणि नक्षीदार डबी, असा थाट आज लहानमोठ्या शहरांच्या बाजारांत दिवाळीपूर्वी दिसतो. ग्वाल्हेरसारख्या जुन्या मराठी वसाहतीच्या शहरातही गृहिणी आणि बचत गटांतील भगिनी या उद्योगाकडे वळत आहेत. हा केवळ पैसेवाल्यांचा शोक आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. तथापि ज्या वस्तूशी स्त्रियांच्या हातचा रोजगार, आपल्या शेतातले आणि रानातले तेल आणि स्वदेशीचा एक विसरलेला अध्याय जोडलेला आहे, तिची उपेक्षा वृत्तपत्राने करू नये, असे आम्हांस वाटते.

ग्वाल्हेरचे नाव घेतले की किनाऱ्यावरच्या मराठी वाचकाला ते दूरचे वाटू नये. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ नावाचे नगर झाले. शिंद्यांबरोबर आलेले सरदार, कारकून, पुरोहित, वैद्य आणि गवई तेथेच रुजले. झाशीच्या राणीने १८५८ साली जेथे देह ठेवला, ती भूमी हीच. भा. रा. तांबे यांनी येथे राजकवी म्हणून मान मिळवला आणि १९४१ साली येथेच ते निवर्तले. ग्वाल्हेर घराण्याची गायकी कृष्णराव शंकर पंडितांनी १९८९ पर्यंतच्या आपल्या दीर्घ आयुष्यात याच लष्करात जतन केली. दोनशे वर्षांत त्या घरांची बोली हिंदीने भिजली, पंक्तीत पुरणपोळीबरोबर तिकडची पक्वान्ने आली. पण आपल्या सणवारांचा धागा त्यांनी तुटू दिला नाही. शेजारची हिंदी घरे त्याच दिवसाला ‘रूप चौदस’ म्हणतात आणि उबटन लावून न्हातात. आपले उटणे आणि त्यांचे उबटन हे एकाच घरच्या बहिणी आहेत. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, चंदन यांची पूड करून अंगाला लावण्याची रीत साबणाच्या किती तरी आधीची. साबण हा या घरात मागाहून आलेला पाहुणा होय.

हा पाहुणा कोणत्या वाटेने आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपला ‘साबण’, अरबांचा ‘साबून’, पोर्तुगीजांचा ‘साबांव’ आणि लॅटिनमधला ‘सापो’ ही एकाच कुळातली नावे आहेत. परंतु यंत्राने घडवलेली वडी आपल्याकडे आली ती साम्राज्याच्या जहाजांतून. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘इंग्लंडमध्ये बनलेला’ असा शिक्का असलेल्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ साली, मीरतेत साबण कारखाना निघाला. वंगभंगाच्या चळवळीने परदेशी कापडाची होळी केली, तेव्हा परदेशी साबणाविषयीही मन साशंक झाले होते. त्यात प्राण्यांची चरबी असते, ही सामान्य हिंदू घरातली खंत होतीच. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास निव्वळ वनस्पती तेलांचा साबण काढला, आणि पुढे रवींद्रनाथ ठाकुरांनी आपले नाव त्याच्या प्रचाराला दिले. म्हैसूर संस्थानात विश्वेश्वरय्यांच्या प्रेरणेने चंदनतेलाचा साबण निघाला; शास्त्रोक्त शिक्षणासाठी एक तरुण रसायनज्ञ लंडनला पाठवण्यात आला. वडीला लंबगोल आकार आणि दागिन्याच्या डबीसारखे वेष्टन देण्याची दृष्टी त्या काळच्या लोकांना होती. म्हणजे साबणाला साज चढवणे ही काही आजची कल्पना नव्हे. परकी वस्तूच्या तोडीस तोड दिसावी म्हणून आपली वस्तू नटली पाहिजे, हा तिच्यामागचा विचार होता. त्या नटण्यात स्वाभिमान होता.

दिवाळी आणि साबण यांची गाठ आपल्या घरांत पक्की केली ती टाटा ऑइल मिल्सच्या ‘मोती’ साबणाने. सत्तरच्या दशकात आलेल्या त्या मोठ्या, गोल, जाड वडीने नेहमीच्या साबणापेक्षा आपण वेगळे आहोत हे आकारानेच सांगितले, आणि मराठी माणसाने ती वडी जणू पंचांगातच नोंदवून टाकली. १९९३ साली ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याचे ठरले, मालक बदलले, तरी दिवाळीचा संकेत टिकून राहिला. एका साध्या वस्तूला सणाचे निमित्त लाभले की तिला केवढे आयुष्य मिळते, याचा हा धडा आहे. घरगुती उद्योगाने तो गिरवला तर त्यात वावगे काहीच नाही.

परंतु साबणाचा दुसराही एक इतिहास आहे, आणि तो जाहिरातीत सापडत नाही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. खेड्यातली जी संपत्ती मातीत जाते तिचे मोल ओळखावे, हा त्याचा मंत्र. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेने ग्रामोद्योगांची जी यादी केली तीत निंबोळीच्या तेलाचा साबण होता. खाण्याजोगी तेले खाण्याला राहू द्यावीत आणि निंब, करंज, मोह यांच्या बिया गोळा करून साबण करावा, हा विचार दरिद्री देशाला शोभणारा आणि शहाणपणाचा होता. १९५७ पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने हे काम हाती घेतले. त्या साबणाला रूप नव्हते. हिरवट, ओबडधोबड वडी, कडसर वास. लोकांनी तो कर्तव्य म्हणून घेतला, प्रेमाने घेतला नाही. ग्रामोद्योगाचे पुष्कळसे अपयश या एका वाक्यात सामावलेले आहे. आपण वस्तूला सत्त्व दिले, परंतु शोभा दिली नाही. आज नेमका उलटा प्रकार होऊ पाहत आहे.

हाताने साबण करणे म्हणजे नेमके काय, हे पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. तेल आणि दाहक सोड्याचे पाणी यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन निर्माण होते. एक किलो खोबरेल पुरते साबणात उतरवायला सुमारे १८३ ग्रॅम दाहक सोडा लागतो. मोहरीच्या तेलाला तोच सुमारे सव्वाशे ग्रॅम पुरतो. म्हणून ‘अंदाजपंचे’ हा शब्द या कामात चालत नाही, तराजू लागतो. जाणती बाई हिशेबापेक्षा पाच टक्के सोडा कमीच घालते, म्हणजे तेवढे तेल त्वचेसाठी मोकळे राहते. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. ॲल्युमिनियमचे भांडे वापरायचे नाही, कारण सोडा ते खातो आणि पेटणारा वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेत, आणि लहान मूल घरात असेल तर त्या वेळी स्वयंपाकघराचे दार बंद हवे. मिश्रण ढवळता ढवळता श्रीखंडाइतके दाट झाले की साच्यात ओतायचे. दुसऱ्या दिवशी वड्या पडतात, पण त्या अंगाला लावण्याजोग्या व्हायला चार ते सहा आठवडे हवेत. त्या काळात उरलेला सोडा तेलात जिरतो, पाणी उडते, वडी घट्ट होते. एक किलो तेलातून शंभर शंभर ग्रॅमच्या जेमतेम तेरा-चौदा वड्या हाती लागतात.

याचा अर्थ असा की दिवाळीचा साबण गणपतीच्या दिवसांत ओतला पाहिजे. नवरात्रात जो साबण ओतला तो दिवाळीला कच्चाच राहणार. निसर्गाने घातलेली ही अट आम्हांला फार मोलाची वाटते. लोणचे मुरावे लागते, दही लागावे लागते, तशी ही वडीही वाट पाहायला लावते. ज्या उद्योगाला सणाआधी दोन महिने मागणीची खात्री आणि तेलाचे भांडवल लागते, तो उद्योग गरीब स्त्रीच्या हाती केवळ हौसेवर टिकत नाही.

आता सजावटीकडे वळू. साबणाची रसायने आपल्या मर्जीने चालत नाहीत. लाल गुलाबाची पाकळी ओल्या साबणात दाबली की चार दिवसांत ती तपकिरी पडते. सोडा तिचा रंग खातो. झेंडूच्या जातकुळीतल्या कॅलेंड्युलाची पिवळी पाकळी मात्र बऱ्यापैकी रंग धरून राहते. हळद घातली की मिश्रण प्रथम लालसर होते आणि वडी मुरेल तसतशी केशरी-पिवळ्याकडे झुकते. आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करणाऱ्या हातांना हे रसायन ठाऊकच होते. निसर्गाचे हे नियम जाणून सजवणे ही कला. ते नियम टाळण्यासाठी भडक रंगाच्या पुड्या आणि तीव्र अत्तरे ओतणे हा बाजार.

हवापाण्याचाही विचार हवा. ग्वाल्हेरला हिवाळ्यात थंडी हाडात शिरते आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी. तेथली वडी लवकर वाळते. तीच ग्लिसरीनयुक्त वडी आपल्या किनाऱ्यावर आणली तर दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि तिला घाम फुटतो. वरचा सोनेरी वर्ख ओघळतो. तेलांचेही तसेच. चंबळ खोरे हा मोहरीचा मुलूख. मोहरीच्या तेलाचा एकटा साबण मऊ पडतो आणि फेस कमी देतो, तेव्हा त्यात खोबरेल मिसळावे लागते. खोबरेलाचा साबण खाऱ्या आणि जड पाण्यातही फेसाळतो, हा त्याचा गुण दर्यावर्दी लोकांनी केव्हाच हेरला होता. अर्थात ग्वाल्हेरच्या वडीत आपल्या माडाचा वाटा असणे हे किती स्वाभाविक आहे! आणि आपल्या किनाऱ्यावर तर माडाखेरीज उंडी आहे, करंज आहे, कोकमाच्या बियांचे मुठेल, म्हणजेच आपल्या बायांचे भिरंडेल, आहे. भेगाळलेल्या टाचांना मुठेल चोळणाऱ्या आजीच्या घरात आज परदेशी नावाचे लोणी घातलेला साबण भेट म्हणून येतो, हे दृश्य आम्हांला आनंदाचे वाटत नाही.

ग्वाल्हेरच्या कारागिराला साजासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लग्नघराच्या दारी हत्ती-घोडे आणि गणपती रंगवणारी ‘चितेरा’ ही तेथली लोककला आहे. दगडात जाळी कोरणारे हात आहेत. तेथल्या हाताने विणलेल्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. एके काळी त्याच संस्थानात असलेल्या चंदेरीच्या साडीवरची बुट्टी जगाला ठाऊक आहे. लाकडी ठशाने वडीवर एक चंदेरी बुट्टी उमटवली आणि वेष्टनावर चितेऱ्याचा हत्ती छापला, तर ती वडी कोठून आली हे सांगायला चिठ्ठी नको. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला मेळा आजही हिवाळ्यात ग्वाल्हेरला भरतो. विक्रीची जागाही घरचीच आहे. उसन्या गुलाबाच्या आणि टेडी अस्वलाच्या साच्यांनी मात्र ग्वाल्हेर, नागपूर आणि मडगाव यांचे साबण एकसारखेच दिसू लागतात.

साजाला काही मर्यादाही हव्यात. लक्ष्मीची किंवा गणपतीची आकृती साबणावर उमटवू नये. भक्तीच्या भावनेने केले तरी ती मूर्ती अंगाला घासून मोरीत वाहून जाते, आणि देवाच्या नावाने केलेली ही विटंबना श्रद्धाळू गिऱ्हाईकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. कमळ, शंख, पणती, आंब्याचे पान यांत मंगल पुरेसे आहे. दुसरे, पेढा, बर्फी, मोदक यांच्या हुबेहूब रूपाचे साबण करू नयेत. फराळाच्या ताटाशेजारी ठेवलेली ती ‘मिठाई’ लहान मूल तोंडात घालील, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. तिसरे, जी वडी इतकी नटली की वापरवत नाही आणि काचेच्या कपाटात वर्षभर धूळ खाते, तिच्या साजाने तिचे प्रयोजनच मारले, असे म्हणावे लागेल. चतुर्थीच्या माटोळीला आपण रानातली फळे, पाने, फुले बांधतो. अंगणातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते. आपल्या परंपरेतली शोभा नश्वर आहे म्हणूनच ताजी आहे. साबणाचा साज याच जातीचा असावा. पहिल्या पाण्याने विरघळावा आणि त्याची खंत कोणाला वाटू नये.

याहून गंभीर प्रश्न सत्याचा आहे. आज ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा वड्या हाताने केलेल्या नसतात. कारखान्यात तयार झालेल्या साबणाच्या लाद्या विकत मिळतात. त्या वितळवायच्या, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायच्या. तासाभरात वडी तयार. यात ना तराजू, ना सहा आठवड्यांचे मुरणे. ज्या बाईकडे जागा, वेळ आणि प्रशिक्षण नाही तिला हा मार्ग सोयीचा आहे, दाहक सोड्याचा धोकाही त्यात नाही. ती प्रामाणिकपणे चार पैसे मिळवीत असेल तर तिला दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या वडीला ‘हस्तशोभित’ म्हणावे, ‘हस्तनिर्मित’ म्हणू नये. ज्या बाईने भाद्रपदात सोडा तोलला, हात भाजू न देता साबण घोटला आणि सहा आठवडे वड्या उलटसुलट करून वाळवल्या, तिच्या श्रमाचे नाव दुसऱ्या वस्तूला लावणे हा त्या बाईवरचा अन्याय आहे. खादीच्या नावाखाली गिरणीचे कापड विकणे जितके गैर, तितकेच हेही गैर.

कायद्याचे लक्ष या वस्तूकडे नाही असे नव्हे. १९८२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबणाला असलेली सूट काढून टाकण्यात आली. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणाच्या तीन प्रती आहेत आणि त्यांतला एकूण स्निग्धांश अनुक्रमे किमान ७६, ७० आणि ६० टक्के हवा. त्याहून उतरत्या ‘स्नानवडी’ला ४० टक्के पुरतात. दुकानातून वडी घेताना हा आकडा वेष्टनावर वाचणारे गिऱ्हाईक विरळा. हातच्या साबणात ग्लिसरीन आणि मोकळे तेल राहत असल्याने हा एकच आकडा त्याची कसोटी म्हणून पुरणार नाही, हेही खरे. त्यासाठी वेगळी, साधी आणि स्वस्त तपासणी हवी. निदान मोकळा सोडा शिल्लक नाही एवढी खात्री प्रत्येक तुकडीची झाली पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात अंगाच्या साबणावरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाचे त्यात हित आहे, परंतु मोठ्या कारखान्याची वडी स्वस्त झाली की हातच्या वडीपुढची स्पर्धा अधिक बिकट होते, हेही सरकारने जाणले पाहिजे.

यास्तव काही गोष्टी सुचवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशाळेने दर तुकडीमागे नाममात्र शुल्क घेऊन बचत गटांचा साबण तपासून द्यावा. विद्यार्थ्यांनाही त्यातून खरे शिक्षण मिळेल. प्रशिक्षण वर्गांत सजावटीआधी तराजू आणि सोड्याची शिस्त शिकवली जावी. सहकारी बँकांनी या उद्योगाला दिवाळीत नव्हे, श्रावणात कर्ज द्यावे. खादी भांडारांनी निंब, करंज, उंडी आणि मुठेल यांच्या साबणाला नव्या रूपात बाजारात आणावे. चितेऱ्याला, रांगोळी काढणाऱ्या मुलीला, ठसे कोरणाऱ्या सुताराला त्या कामात सामील करून घ्यावे. आणि प्रत्येक वेष्टनावर तीन ओळी असाव्यात: तेल कोणते, ओतल्याची तारीख कोणती, आणि करणारीचे गाव कोणते. या तीन ओळींइतकी सुंदर नक्षी दुसरी नाही.

गिऱ्हाइकाचाही यात वाटा आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा लष्करातल्या पेठेत हातची वडी घेताना आपण पाकळ्या मोजतो, आणि भाव करताना मात्र ती वडी कारखान्याच्या वडीशी तोलतो. भेट म्हणून डबी देताना डबीवर खर्च करतो आणि वडीच्या तेलाची चौकशी करीत नाही. थोडे थांबून विचारावे. विकणारी बाई जर सांगू शकली की हा साबण अमुक तेलाचा, अमुक तिथीला ओतलेला आहे, तर घासाघीस न करता पैसे द्यावेत. ती सांगू शकली नाही, तरी तिला हिणवू नये. पुढच्या वर्षी विचारणारे गिऱ्हाईक पुन्हा येणार आहे, एवढे तिला कळले तरी पुरे.

शोभा आणि सत्त्व यांची फारकत झाली की वस्तू एक तर खादीच्या जुन्या साबणासारखी कपाटाच्या तळाशी पडून राहते, नाही तर आजच्या चकचकीत भेटवस्तूसारखी काचेमागे. अभ्यंगाच्या वडीला दोन्ही नशिबे नकोत. तिने भाद्रपदात जन्मावे, आश्विनभर मुरावे, थोडे नटावे आणि चतुर्दशीच्या पहाटे कोणाच्या तरी अंगावर फेस होऊन विरून जावे. आणि तिच्या मोबदल्यात जिने ती घडवली त्या घरात त्या पहाटे पणती लागावी, फराळ व्हावा. येत्या दिवाळीला आपल्या न्हाणीघरात येणाऱ्या वडीविषयी एवढी चौकशी आमच्या वाचकांनी अवश्य करावी.